नर्सरीचा फंडिंग क्लेम चुकू नये म्हणून: इंग्लंडमधल्या नर्सरीचालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

इंग्लंडमध्ये नर्सरी चालवणाऱ्या, चाइल्डमाइंडर म्हणून काम करणाऱ्या किंवा एखाद्या नर्सरीच्या ऑफिसात बसून दर टर्मला कौन्सिलच्या पोर्टलशी झटणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार पालकांच्या मुलांना नऊ महिन्यांपासून शाळा सुरू होईपर्यंत आठवड्याला ३० फंडेड तास, म्हणजे ज्यांचे पैसे सरकार देतं असे तास, मिळू लागले. त्यामुळे नर्सरीच्या उत्पन्नाचा फार मोठा वाटा आता पालकांच्या खिशातून नव्हे, कौन्सिलच्या खात्यातून येतो. तिथे एक तारीख हुकली किंवा एक आकडा उलटसुलट झाला की त्या मुलाचे अख्ख्या टर्मचे पैसे अडकतात. पगार मात्र महिनाअखेरीला द्यावेच लागतात.

मला या कामाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. क्लेम, म्हणजे फंडेड तासांच्या पैशांची कौन्सिलकडे केलेली मागणी, पोर्टलवर चुकत नाही. तो चुकतो मूल दाखल करून घेताना, फॉर्मवर घाईघाईने सही घेताना, पालकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला पात्रतेचा कोड न तपासता वहीत उतरवताना. पोर्टल फक्त ती चूक उघडी पाडतं. जन्मतारखेचा पुरावा, कोड, पालकांचा सही केलेला डिक्लेरेशन फॉर्म, हजेरीचं रजिस्टर, कौन्सिलला पाठवलेला क्लेम आणि पालकांना दिलेलं बिल हे सहा कागद शेजारी ठेवले तर सहाही जणांनी एकच हकीकत सांगितली पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आणखी एक, सुरुवातीलाच. नियमांचा सांगाडा केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचा आहे, पण पैसे देते तुमची कौन्सिल. हेडकाउंटची, म्हणजे फंडेड मुलं मोजून कौन्सिलला कळवायची, तारीख, पोर्टल, फॉर्मचा नमुना, टर्ममधले आठवडे, मूल मध्येच गेलं तर नोटिशीच्या काळाचे पैसे मिळतात की नाही, हे सगळं कौन्सिलशी केलेल्या प्रोव्हायडर अॅग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असतं. तो करार सही करून कपाटात टाकायचा कागद नाही. दर एप्रिलमध्ये तासाचे दर बदलतात, तेव्हा नवा करार पहिल्या पानापासून वाचा. दोन कौन्सिलांच्या हद्दीवर नर्सरी असेल तर शेजारच्या नर्सरीचा सल्ला तुमच्या कामाचा असेलच असं नाही. स्कॉटलंड आणि वेल्सच्या योजना तर पूर्ण वेगळ्या आहेत. हा लेख फक्त इंग्लंडबद्दल आहे.

पायरी १: मूल नेमकं कोणत्या हक्कात बसतं ते ठरवा

तीन हक्क आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ सुरू होतो.

पहिला, तीन आणि चार वर्षांच्या सगळ्या मुलांना १५ तास. यात पालकांची नोकरी, पगार, व्हिसा काहीही बघायचं नसतं. कोडही लागत नाही.

दुसरा, ज्या कुटुंबांना सरकारी आर्थिक आधार मिळतो त्यांच्या दोन वर्षांच्या मुलांना १५ तास. याची पात्रता कौन्सिल तपासते आणि कौन्सिलचाच होकार लागतो.

तिसरा, नोकरदार पालकांचा. नऊ महिन्यांपासून पुढे ३० तास, आणि त्यासाठी एचएमआरसीकडून, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याकडून, मिळालेला ११ आकडी कोड.

तीन वर्षांच्या पुढच्या मुलाचे ३० तास म्हणजे सगळ्यांना मिळणारे १५ आणि कोडमुळे मिळणारे वरचे १५. क्लेममध्ये हे दोन वेगळ्या रकान्यांत जातात. कोड संपला तरी पहिले १५ तास कुठेही जात नाहीत. पण दीड वर्षाच्या मुलाचा कोड संपला तर त्याचे ३०च्या ३० तास जातात. दोन वर्षांचं मूल दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही हक्कांत बसत असेल तर एकूण ३० तासच मिळतात, ४५ नाहीत. वयोगटानुसार तासाचा दर वेगळा असतो, तेव्हा चुकीच्या रकान्यात टाकलेलं मूल म्हणजे चुकीची रक्कम.

मग तारीख. हक्क वाढदिवसापासून सुरू होत नाही, वाढदिवसानंतरच्या टर्मपासून सुरू होतो. फंडिंगच्या हिशेबात टर्म १ सप्टेंबर, १ जानेवारी आणि १ एप्रिलला सुरू होतात. शाळा प्रत्यक्षात कधी उघडते त्याच्याशी संबंध नाही. ३१ मार्चला तीन वर्षांचं होणाऱ्या मुलाला १ एप्रिलपासून तास मिळतात. १ एप्रिलला तीन पूर्ण करणाऱ्याला थेट १ सप्टेंबरपर्यंत थांबावं लागतं. एका दिवसाने पाच महिने. नऊ महिन्यांच्या बाळांनाही हाच नियम आहे: ३० जून २०२५ ला जन्मलेलं बाळ ३० मार्च २०२६ ला नऊ महिन्यांचं होतं, त्याला १ एप्रिलपासून तास मिळतात, १ जुलैला जन्मलेल्याला सप्टेंबरपासून. पालक चौकशीला येतात त्याच दिवशी ही तारीख काढून त्यांना लेखी द्या. "नऊ महिने झाले की फुकट" एवढंच ऐकून आलेले पालक नंतर नर्सरीवर चिडतात, आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं असतं.

पायरी २: नाव आणि जन्मतारीख कागद बघूनच घ्या

जन्मदाखला किंवा पासपोर्ट स्वतः बघा, कोणी कधी बघितला ते फॉर्मवर लिहा. तोंडी सांगितलेली जन्मतारीख नको.

आपल्याकडच्या कुटुंबांच्या बाबतीत इथे एक हमखास घोळ होतो. भारतीय पासपोर्टवर बऱ्याचदा मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव जोडलेलं असतं आणि ते दोन्ही मिळून गिव्हन नेम म्हणून छापलेलं असतं. आई फॉर्मवर नुसतं मुलाचं नाव लिहिते, बाबा पासपोर्टप्रमाणे पूर्ण लिहितात, आणि घरात हाक मारतात ते तिसरंच नाव नर्सरीच्या रजिस्टरवर पडतं. आईचं आडनाव माहेरचं असेल तर आई आणि मुलाचं आडनावही वेगळं. यातलं काहीच चूक नाही, पण पोर्टलला ती तीन वेगळी मुलं वाटू शकतात. मूल आधी दुसऱ्या नर्सरीत जात असेल आणि तिथे नाव वेगळ्या प्रकारे लिहिलं असेल तर एकाच मुलाच्या दोन नोंदी तयार होतात, आणि मग दुबार क्लेमची चौकशी लागते. सरकारी नोंद फक्त दाखल्याप्रमाणे करायची. हाक मारायचं नाव वेगळ्या रकान्यात. हा नियम एकदा ठरवला की पुढचे कितीतरी मनस्ताप वाचतात.

पायरी ३: कोड

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून इथे थोडं थांबू.

पालक एचएमआरसीकडे ऑनलाइन अर्ज करतात. बाळ २३ आठवड्यांचं झाल्यापासून अर्ज करता येतो. उत्तर कधी लगेच येतं, कधी सात दिवसही लागतात. सप्टेंबरपासून तास हवे असतील तर कोड ३१ ऑगस्टपर्यंत हातात असला पाहिजे. जानेवारीसाठी ३१ डिसेंबर, एप्रिलसाठी ३१ मार्च. ही शेवटची तारीख आहे, अर्ज करायची तारीख नव्हे. पालकांना त्याच्या दोन महिने आधीपासून सांगायला लागा. ३० तारखेला अर्ज केला आणि एचएमआरसीने आणखी कागद मागितले तर अख्खी टर्म गेली.

कोड आला की तो तपासायचा, आणि तपासण्याआधी पालकांची संमती घ्यायची. तीन गोष्टी लागतात: कोड, मुलाची जन्मतारीख आणि ज्या पालकाने अर्ज केला त्याचा नॅशनल इन्शुरन्स नंबर. ही शेवटची गोष्ट नीट वाचा. अर्ज बाबांनी केला आणि नर्सरीचा फॉर्म आईने स्वतःचा नंबर टाकून भरला, की तपासणीत कोड सापडत नाही. मग नर्सरी म्हणते कोड खोटा, पालक म्हणतात सरकारने दिलाय. फॉर्मवर सरळ प्रश्न छापा: अर्ज कोणाच्या नावाने केला? नॅशनल इन्शुरन्स नंबर म्हणजे दोन अक्षरं, सहा आकडे, शेवटी एक अक्षर. हाताने लिहिलेला असेल तर पालकांसमोरच वाचून दाखवा.

तपासणीत नुसतं "वैध" बघून स्क्रीन बंद करू नका. तीन तारखा दिसतात: कोड कधीपासून वैध, कधीपर्यंत वैध, आणि सवलतीचा काळ, म्हणजे ग्रेस पीरियड, कधी संपतो. तिन्ही उतरवून ठेवा, आणि तपासणी केल्याची तारीखही. सुरुवातीची तारीख ३ सप्टेंबर असेल तर कोड खरा आहे, वैध आहे, आणि तरीही ही टर्म मिळणार नाही.

पुढचा मुद्दा दर तीन महिन्यांच्या रिकन्फर्मचा. पालकांनी दर तीन महिन्यांनी आपली परिस्थिती तीच आहे असं एचएमआरसीच्या खात्यात जाऊन सांगायचं असतं. सांगितलं तरी कोडचा नंबर बदलत नाही, विसरले तरी बदलत नाही. त्यामुळे नर्सरीच्या यादीत तोच नंबर दिसत राहतो आणि तो मेला आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

एक उदाहरण घ्या. पालक शहाणे, सप्टेंबरसाठी मे महिन्यातच अर्ज केला, १६ मेला कोड मिळाला. रिकन्फर्मची वेळ ऑगस्टच्या मध्यावर येते. कुटुंब तेव्हा सुट्टीसाठी पुण्याला गेलेलं असतं, इथलं सिमकार्ड बंद, लॉगिनसाठीचा मेसेज येत नाही. महिनाअखेरीला परततात, तोवर कोड संपलेला. आधीपासून फंडेड तास घेणाऱ्या मुलाला सवलतीच्या काळाचा आधार मिळतो. पण हे मूल सप्टेंबरमध्ये नव्याने सुरू होणार होतं, आणि सवलतीच्या काळात असलेल्या कोडवर नवी फंडेड जागा सुरू होत नाही. म्हणजे लवकर अर्ज करणाऱ्याचाच तोटा. जे पालक लवकर अर्ज करतात त्यांना जुलैमध्ये आठवण करा. भारतात जाण्याआधी रिकन्फर्मची खिडकी उघडली आहे का ते बघायला सांगा. ती तारखेच्या चार आठवडे आधी उघडते.

सवलतीच्या काळाच्या तारखा भिंतीवर लावून ठेवाव्या अशा आहेत. पात्रता १ जानेवारी ते १० फेब्रुवारी यात संपली तर फंडिंग ३१ मार्चपर्यंत. ११ फेब्रुवारी ते ३१ मार्च किंवा १ एप्रिल ते २६ मे यात संपली तर ३१ ऑगस्टपर्यंत. २७ मे ते ३१ ऑगस्ट किंवा १ सप्टेंबर ते २१ ऑक्टोबर यात संपली तर ३१ डिसेंबरपर्यंत. २२ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर यात संपली तर पुढच्या ३१ मार्चपर्यंत. प्रत्येक टर्मच्या मध्यावर सगळे कोड पुन्हा एकदा तपासा. फक्त नव्या मुलांचे नाही, सगळ्यांचे.

पात्रतेबद्दल दोन गोष्टी खास आपल्या लोकांसाठी. नोकरदार पालकांच्या तासांसाठी साधारणपणे दोन्ही पालकांची कमाई आठवड्याला किमान वेतनाने १६ तास काम केल्याइतकी तरी हवी, आणि दोघांपैकी कोणाचंही करपात्र समायोजित उत्पन्न वर्षाला १,००,००० पौंडांच्या वर जाता कामा नये. आयटीमध्ये असलेल्या घरांत मार्चचा बोनस किंवा कंपनीचे शेअर्स ही रेषा ओलांडायला लावतात. दोघांचं मिळून नव्हे, एकट्याचं उत्पन्न बघतात. पेन्शनमध्ये भरलेली रक्कम या हिशेबात फरक पाडू शकते. तो हिशेब पालकांनी अकाउंटंटकडून करून घ्यावा. नर्सरीने फक्त एवढं सांगावं की रेषा आहे आणि ती ओलांडल्यास ३० तास जातात, तीन वर्षांनंतरचे सगळ्यांचे १५ मात्र राहतात.

दुसरी गोष्ट व्हिसाची. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या बहुतेक कुटुंबांना सार्वजनिक निधीचा, म्हणजे सरकारी भत्ते आणि मदतीचा, लाभ घ्यायची परवानगी नसते. नोकरदार पालकांच्या तासांसाठी दोघांपैकी किमान एकाकडे ब्रिटिश किंवा आयरिश नागरिकत्व, सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस, किंवा सार्वजनिक निधीची परवानगी असावी लागते. दोघेही नोकरी करतात, कर भरतात, म्हणून हक्क आपोआप लागू होत नाही, आणि मुलाचा पासपोर्ट कोणता यावर हे ठरत नाही. मूल तीन वर्षांचं झाल्यावर मात्र १५ तास त्यालाही मिळतात, आणि हे अनेक नव्या कुटुंबांना कोणी सांगतच नाही. परवानगी नाही म्हणून सगळंच नाकारू नका. दोन वर्षांच्या मुलांच्या योजनेतही अशा काही कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वाट आहे, उत्पन्न आणि बचतीच्या मर्यादेत बसत असतील तर कौन्सिलकडे अर्ज करायला सांगा. शंका असेल तर पालकांनी आपल्या ई-व्हिसावरच्या अटी वाचाव्यात आणि जाणकाराला विचारावं. इमिग्रेशनचा सल्ला देणं नर्सरीचं काम नाही, आणि चुकीचा सल्ला त्या कुटुंबाला फार महागात पडू शकतो.

पायरी ४: तासांचा हिशेब कागदावर करा

३० तास म्हणजे वर्षाला १,१४० तास, १५ म्हणजे ५७०. मूळ हिशेब ३८ आठवड्यांचा आहे. वर्षभर चालणाऱ्या नर्सऱ्या हे तास पसरवून देतात, आणि तिथे आकडे घसरतात.

५१ आठवडे उघड्या नर्सरीत १,१४० भागिले ५१ म्हणजे आठवड्याला २२.३५ तास. सोयीसाठी २२.५ धरले तर वर्षाला १,१४७.५ होतात, साडेसात तास जास्त. एका मुलामागे किरकोळ, पण ४० मुलांमागे ३०० तास, आणि ते कौन्सिल परत मागते. २२ धरले तर १,१२२ होतात आणि पालकांचे १८ तास बुडतात. ते कधी देणार हे आधीच लिहून द्या. १५ तासांचं मूल असेल तर आठवड्याला ११.१८.

याहून अवघड प्रश्न वर्षाच्या मधेच सुरू होणाऱ्या मुलाचा. समजा तुमच्या कौन्सिलचे आठवडे १४, ११ आणि १३ असे वाटलेले आहेत. एप्रिल ते ऑगस्टच्या टर्मला ३० तासांच्या मुलाचे कमाल तास १३ गुणिले ३०, म्हणजे ३९०. पण १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट हे सुमारे २२ आठवडे. तिथे २२.३५ च्या दराने तास देत राहिलात तर जवळपास ४९० तास होतात. सप्टेंबरपासून असलेल्या मुलाच्या बाबतीत आधीच्या टर्ममध्ये वाचलेले तास यात वापरले जातात. एप्रिलमध्ये नव्याने आलेल्या मुलाकडे ते तास नाहीतच. त्याला आठवड्याला १७.७ च्या आसपासच बसतात. पसरवलेल्या तासांबद्दल कौन्सिलचा नियम काय, टर्मची कमाल मर्यादा किती, हे करारात बघा आणि एप्रिलच्या नव्या मुलांचा हिशेब वेगळा करा.

बाकी मर्यादा थोडक्यात: एका दिवसात १० पेक्षा जास्त फंडेड तास नाहीत, सकाळी ६ च्या आधी आणि रात्री ८ नंतर नाहीत, एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठिकाणी नाहीत. मूल दोन नर्सऱ्यांत किंवा नर्सरी आणि चाइल्डमाइंडर यांच्यात वाटलेलं असेल तर कोण किती तास आणि त्यातले सगळ्यांचे १५ कोण घेणार हे दोघांनी फोनवर बोलून, पालकांच्या सहीने ठरवा. आधी क्लेम करेल तो जिंकेल या भरवशावर राहू नका. दोन्हीकडचे पैसे अडकतात.

पायरी ५: डिक्लेरेशन फॉर्म

फॉर्मवर वार, तास, आठवडे, दुसरी नर्सरी आहे का, कोड, संमती, सही आणि तारीख. सही क्लेम पाठवण्याच्या आधीची हवी. मुलाचे वार बदलले, तास वाढले, दुसरी नर्सरी सुरू झाली, की नवा फॉर्म. जुन्या फॉर्मवर खोडाखोड करून आकडा बदलू नका. तपासणीला आलेला माणूस सगळ्यात आधी तेच बघतो. एका पालकाने पाठवलेली "मंगळवार वाढवा" ही ईमेल फॉर्मची जागा घेत नाही.

पायरी ६: हेडकाउंटचा आठवडा

क्लेम नेहमी रजिस्टर आणि फॉर्म समोर ठेवून भरा, मागच्या टर्मच्या क्लेमची नक्कल करून नाही. नक्कल केली की गेलेली मुलं राहतात. सप्टेंबरमध्ये रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, गेलेलं मूल नर्सरीच्या क्लेममध्ये दिसणं ही नेहमी सापडणारी चूक आहे, आणि ती दिसायला वाईट दिसते, कारण बाहेरच्याला ती चूक की लबाडी हे कळत नाही.

मी सुचवते ती पद्धत अशी. आधी खोलीनिहाय यादी काढा: आज खरोखर येणारी मुलं. प्रत्येक खोलीच्या प्रमुखाने ती बघून सही करावी; कोण दोन आठवड्यांपासून आलं नाही हे तिलाच माहीत असतं. मग प्रत्येक नावापुढे जन्मतारीख, हक्काचा प्रकार, कोडच्या तारखा, फॉर्मवरचे तास, क्लेमचे तास. शेवटचे दोन आकडे जुळले नाहीत तर त्या मुलाची नोंद पाठवायची नाही, आधी कारण शोधायचं. क्लेम भरणारी व्यक्ती एक आणि तपासणारी दुसरी असावी. चाइल्डमाइंडर एकटी असेल तर आज भरा आणि उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी तपासा. पाठवल्यावर पोचपावतीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

एक्सेलमध्ये यादी ठेवत असाल तर दोन सापळे आहेत. तारखेची मांडणी अमेरिकी असेल तर ०४/०३ चं ०३/०४ होतं. म्हणजे ४ मार्चचं मूल ३ एप्रिलचं होतं आणि वर सांगितलेले पाच महिने मधे येतात. दुसरं, एका रकान्याचं सॉर्टिंग केलं आणि बाकीचे तसेच राहिले, तर प्रत्येक कोड भलत्याच मुलाला चिकटतो.

हेडकाउंटनंतर आलेल्या आणि गेलेल्या मुलांसाठी बहुतेक कौन्सिलांत बदल नोंदवायची वेगळी खिडकी असते. तीही तारीख कॅलेंडरवर टाका. जानेवारीच्या तिसऱ्या गुरुवारी देशभर अर्ली इयर्स सेन्सस, म्हणजे फंडेड मुलांची सरकारी गणना, असतो. त्या आठवड्यातली माहिती पुढच्या निधीवाटपात वापरली जाते, म्हणून त्या वेळी जास्तच काळजी घ्या.

मूल आजारी आहे, किंवा आजोबांच्या आजारपणासाठी कुटुंब तातडीने भारतात गेलं आहे, अशा वेळी थोड्या दिवसांच्या गैरहजेरीसाठी फंडिंग लगेच काढून घेतलं जाऊ नये, असाच सरकारी मार्गदर्शनाचा रोख आहे. पण महिना-दीड महिना उलटला तर कौन्सिलला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. रजिस्टरवर कोरे चौकोन ठेवू नका. गैरहजेरीचं कारण लिहा.

पायरी ७: हक्काचे राहून जाणारे पैसे

चूक म्हणजे फक्त जास्त मागणं नव्हे. कमी मागणं ही तितकीच मोठी चूक आहे, आणि ती कोणी पकडून देत नाही.

कमी उत्पन्नाच्या कुटुंबातल्या मुलांसाठी अर्ली इयर्स प्युपिल प्रीमियम मिळतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात तो तासाला १ पौंड, म्हणजे वर्षाला ५७० पौंडांपर्यंत होता. एप्रिल २०२४ पासून तो नऊ महिन्यांच्या पुढच्या मुलांनाही लागू आहे. जुने फॉर्म वापरणाऱ्या नर्सऱ्या अजून फक्त तीन-चार वर्षांच्या मुलांच्या पालकांनाच विचारतात. हा प्रश्न सगळ्याच पालकांच्या फॉर्मवर ठेवा, म्हणजे कोणाला वेगळं काढून विचारल्यासारखं होत नाही.

डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, म्हणजे अपंगत्वासाठीचा भत्ता, मिळणाऱ्या मुलासाठी डिसेबिलिटी अॅक्सेस फंड आहे. २०२५-२६ मध्ये वर्षाला ९३८ पौंड. तो वर्षातून एकदा आणि पालक निवडतील त्या एकाच नर्सरीला मिळतो, म्हणून मूल दोन ठिकाणी जात असेल तर निवड लेखी घ्या. आपल्या समाजात मुलाच्या अडचणीबद्दल नर्सरीत बोलायला पालक कचरतात. हा पैसा त्या मुलाच्याच सोयीसाठी वापरायचा असतो, हे शांतपणे, खासगीत सांगितलं तर बरेच जण पुढे येतात.

पायरी ८: बिल

फंडेड तास पालकांना पूर्ण मोफत असले पाहिजेत. कौन्सिलचा दर आणि तुमचा दर यातला फरक पालकांकडून घेता येत नाही. समजा तुमचा दर तासाला ८ पौंड आणि कौन्सिल ६ देते. बिलात "सरकारी सूट: ३० गुणिले ६" असं लिहून उरलेली रक्कम मागितली, तर तुम्ही तासाला २ पौंड टॉप-अप घेतलात आणि तुमच्याच बिलाने तसा पुरावा दिलात. बरोबर पद्धत: फंडेड तास एका ओळीत, रक्कम शून्य. त्यावरचे खासगी तास वेगळ्या ओळीत. जेवण वेगळं, नॅपी-सनक्रीमसारख्या वस्तू वेगळ्या, सहली-उपक्रम वेगळे. ही वेगवेगळी मांडणी आणि असे खर्च वेबसाइटवर जाहीर करणं जानेवारी २०२६ पासून अपेक्षित आहे. हे जादा खर्च ऐच्छिक असतात; जागा मिळण्याची अट म्हणून ते लादता येत नाहीत. घरून डबा आणू का, असं पालकांनी विचारलं तर त्याला नर्सरीकडे व्यवहार्य उत्तर हवं. नोंदणी फी आणि डिपॉझिटबद्दल करारातला मजकूर शब्दशः बघा.

नर्सरीवाल्यांना कौन्सिलचा दर अपुरा वाटतो, आणि अनेक ठिकाणी तो खरोखरच अपुरा आहे. पण त्याची भरपाई बिलात लपवली की तक्रार आल्यावर सगळी मागची बिलंही उघडली जातात. खासगी तासांचा दर, जादा सेवांची प्रामाणिक किंमत, फंडेड जागा किती आणि कोणत्या वारी द्यायच्या, हे मार्ग उघडे आहेत; तिथे विचार करा.

पैसे आल्यावर आणि चूक सापडल्यावर

कौन्सिलकडून येणारं पत्रक मुलागणिक तुमच्या यादीशी जुळवा. एकूण रक्कम जुळली म्हणून सोडू नका. एका मुलाचे जास्त आणि दुसऱ्याचे तेवढेच कमी असले तरी बेरीज जुळते. हे काम पैसे जमा झालेल्या आठवड्यातच करा, म्हणजे बदलाची खिडकी उघडी असते.

जास्त पैसे आलेले दिसले तर कौन्सिलच्या अर्ली इयर्स टीमला त्याच दिवशी ईमेल करा: मुलाचा संदर्भ क्रमांक, कोणते तास चुकले, कसे चुकले, काय सुधारलं. स्वतःहून कळवलेली चूक सहसा पुढच्या हप्त्यातून वळती होते आणि प्रकरण मिटतं. लेखापरीक्षणात सापडली तर तीच चूक आधीच्या टर्म उकरायला लावते, आणि जाणूनबुजून केल्याचा संशय आला तर गोष्ट फ्रॉडच्या चौकशीपर्यंत जाते. कमी पैसे आले असतील तर तेही तितक्याच स्पष्टपणे मागा, संकोच नको.

तपासणीला येणारा अधिकारी सहसा एखादी टर्म निवडतो, काही मुलांची नावं सांगतो आणि त्यांचे सगळे कागद मागतो. म्हणून फाइल टर्मप्रमाणे लावा, आणि टर्मच्या आत मुलाप्रमाणे: दाखला बघितल्याची नोंद, कोडच्या तपासणीचा स्क्रीनशॉट, फॉर्म, रजिस्टर, क्लेमची पोचपावती, बिल. किती वर्षं ठेवायच्या हे करारात असतं; तेवढी वर्षं झाली की नीट नष्ट करा, कारण त्यात लोकांचे नॅशनल इन्शुरन्स नंबर आहेत. ऑफिसात हे काम करणारी व्यक्ती रजेवर असताना दुसऱ्या कोणाला पोर्टलचं स्वतंत्र लॉगिन आहे का, हे आजच बघा. नसेल तर कौन्सिलकडे आजच मागा. ते मिळायला वेळ लागतो आणि हेडकाउंटची तारीख कोणासाठी थांबत नाही.